मिग मशीन सेव्ह केलेले सेटिंग ‘विसरते’ तेव्हा काय तपासावे

“पाच नंबरला सेव्ह केलेले सेटिंग सकाळी बदललेले होते, मशीन मेमरी धरत नाही.” भोसरीतील आमच्या फॅब्रिकेशन शेडच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये या अर्थाची नोंद एका महिन्यात चार वेळा आली. प्रत्येक वेळी सकाळच्या वेल्डरने दोष रात्रपाळीवर ठेवला आणि रात्रपाळीने तो मशीनवर ढकलला. मशीन मिग वेल्डिंगचे, म्हणजे गॅसच्या आडोशाखाली सतत पुढे येणारी वायर वितळवून जोड मारणारे आहे: ४०० अँपिअरचे, तीन फेजवर चालणारे, सिनर्जिक (वायर स्पीडला जुळणारे व्होल्टेज स्वतः ठरवणारे), वेगळा फीडर (वायर पुढे ढकलणारा डबा) असलेले. त्यावर १.२ मिमीची सॉलिड वायर आणि सीओटू गॅस वापरून ८ मिमी जाडीच्या ब्रॅकेटला ६ मिमीचे फिलेट (कोपऱ्यातले वेल्ड) मारले जाते आणि त्यासाठी २२० अँपिअर व २५ व्होल्ट हे सेटिंग पाच नंबरला ठेवलेले आहे. पुरवठादाराचा सर्व्हिस इंजिनिअर दोनदा येऊन गेला; पहिल्या भेटीत त्याला काही सापडले नाही आणि दुसऱ्या भेटीनंतर कंट्रोल कार्ड (मशीनच्या आतला सर्किट बोर्ड) बदलण्याचे कोटेशन आले. ते कार्ड आम्ही घेतले नाही, कारण तोपर्यंत एवढे लक्षात आले होते की “सेटिंग बदलते” या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्यांपैकी एकीचाच मेमरीशी संबंध असतो.

पहिली तक्रार म्हणजे सेटिंग खरोखरच साठवले जात नाही किंवा वीज गेल्यावर पुसले जाते. दुसरी म्हणजे सेटिंग साठवलेले आहे, पण वेल्डर ज्यावर काम करतो आहे ते सेटिंग ते नव्हे, किंवा त्यावर दुसऱ्या कोणीतरी वेगळे आकडे चढवले आहेत. तिसरी म्हणजे आकडे जसेच्या तसे आहेत, पण आर्क (वायर आणि धातू यांच्यामधली विजेची ज्योत) तसा राहिलेला नाही. वेल्डरच्या दृष्टीने तिन्हींचा परिणाम एकच असतो: कालचा बीड (वेल्डची पडलेली रेघ) आज येत नाही, स्पॅटर (उडणारे वितळलेले थेंब) वाढतो, आवाज बदलतो. त्यामुळे तो तिन्हींना एकच नाव देतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

गोंधळात शब्दाचीही भर पडते. आपल्या शेडमध्ये ‘जॉब’ म्हणजे टेबलावर ठेवलेला तुकडा. मशीनच्या पॅनलवर ‘जॉब’ म्हणजे मेमरीतील क्रमांक. “पाच नंबरचा जॉब बिघडला” हे वाक्य ऐकून मी एकदा ब्रॅकेट तपासायला गेलो होतो. या लेखात मेमरीतील जागेला मी ‘नंबर’ म्हणेन आणि वेल्ड होणाऱ्या वस्तूला ‘जॉब’.

आर्क न पेटवता करायची चाचणी

कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी पुढील चाचणी करावी. तिला दहा मिनिटे लागतात आणि तिच्यामुळे पहिली तक्रार उरलेल्या दोन तक्रारींपासून वेगळी होते.

सहसा कोणी वापरत नाही असा एक नंबर निवडावा आणि त्यात मुद्दाम विचित्र आकडे भरावेत. उदाहरणार्थ वायर स्पीड ७.३ मीटर प्रति मिनिट, व्होल्टेज २३.७, बर्नबॅक (वेल्ड थांबताना वायर किती जळू द्यायची ते) नेहमीपेक्षा एक पायरी वेगळा. गोल आकडे टाळावेत, कारण कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगमध्ये गोल आकडे असण्याची शक्यता असते आणि मग आपले कोणते व मूळचे कोणते हे कळत नाही. सर्व आकडे कागदावर लिहावेत, सेव्ह करावे आणि डिस्प्ले पूर्ववत होईपर्यंत थांबावे. त्यानंतर दुसरा नंबर बोलावून पुन्हा पहिल्यावर यावे आणि आकडे वाचावेत. शेवटी मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करावा व तोच नंबर बोलावून पुन्हा वाचावे. या सर्व काळात टॉर्चचे (वायर बाहेर येते त्या हातात धरायच्या मुठीचे) बटण एकदाही दाबू नये, कारण आर्क पेटला की डिस्प्लेवर दिसणारे आकडे वेगळ्या अर्थाचे होतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

दोन्ही वेळा कागदावरचेच आकडे दिसले तर मेमरीला दोष देण्याचे कारण उरत नाही. आमच्या मशीनवर दोन्ही वेळा तेच दिसले. कार्डाचे कोटेशन फाइलमध्ये गेले ते त्याच दिवशी.

मेमरीच खराब असेल तर

शेडमधल्या दुसऱ्या, जुन्या मशीनची गोष्ट मात्र वेगळी होती. आमच्या भागात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते आणि दुरुस्तीच्या कामांसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी बंद ठेवली जाते. त्या मशीनचे सर्व नंबर शुक्रवारी सकाळी रिकामे सापडत, आठवड्यातील इतर दिवशी मात्र ठीक असत. इतर दिवशी पाळी संपल्यावर टॉर्च टांगली जाई, पण मशीनचा मेन स्विच कोणी बंद करीत नसे, एवढाच फरक होता. एकदम सगळे नंबर जाणे आणि तेही वीज बंद राहिल्यावरच जाणे, हे कार्डावरील बटण-सेल संपल्याचे लक्षण आहे. जुन्या रचनेच्या मशीनमध्ये मेमरीला वीज पुरवण्यासाठी असा सेल असतो, बहुधा सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा. तो मल्टिमीटरवर अडीच व्होल्टच्या आसपास आलेला दिसला तर बदलावा. सेल काढताच उरलेली सेटिंगही जातील हे गृहीत धरून सर्व नंबर आधी कागदावर उतरवून घ्यावेत. कार्ड उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे, कारण इन्व्हर्टर मशीनमधील मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही काही मिनिटे धोकादायक भार धरून ठेवतात. मशीन वॉरंटीत असेल तर हे काम स्वतः करू नये.

अलीकडच्या मशीनमध्ये सेटिंग ईईप्रॉम किंवा फ्लॅश चिपमध्ये जाते आणि तिला सेलची गरज नसते. “खूप वेळा सेव्ह केल्याने चिप झिजली” असे एक स्पष्टीकरण अधूनमधून ऐकू येते. अशा चिपवर एकाच जागी साधारण एक लाख वेळा लिहिता येते असे धरले आणि दिवसाला वीस वेळा सेव्ह केले, तरी पाच हजार दिवस, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ जातो. हाताने सेव्ह करून चिप झिजवणे सोपे नाही.

त्यापेक्षा साधे कारण म्हणजे बटण. वेल्डर हातमोजा न काढता सेव्हचे बटण दाबतो; पॅनलवरच्या पातळ आवरणाखाली ते पूर्ण दाबले जात नाही किंवा वेळेआधी सुटते. आमच्या मशीनवर ते सुमारे तीन सेकंद दाबून ठेवावे लागते आणि नंबर लुकलुकायचा थांबला की साठवण झाली असे समजायचे. लुकलुकत असतानाच सोडले तर पॅनल काहीही तक्रार न करता जुन्याच स्थितीत परत जाते. ग्राइंडिंगची धूळ हेही एक कारण आहे. ती लोखंडाची असते, त्यामुळे वीज वाहून नेते आणि पॅनलच्या मागे साचली की बटणे आपोआप दाबली गेल्यासारखी वागतात किंवा नॉब एक खूण फिरवल्यावर आकडा तीन पायऱ्या उडी मारतो. ग्राइंडर मशीनपासून दूर नेणे हा यावरचा खरा उपाय आहे. कोरड्या, कमी दाबाच्या हवेने धूळ काढणे ही त्यानंतरची गोष्ट.

आकडे वाचण्यातील चूक

आता आमच्या प्रत्यक्ष अडचणीकडे येतो. मी महिनाभराच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा पाच नंबरचे व्होल्टेज २५.० पासून सुरू होऊन २४.१, मग २३.३, त्यानंतर एकदम २६.८ असे फिरलेले दिसले. बिघडलेली मेमरी आकडे पुसते किंवा भलतेच आकडे दाखवते. ती एकेका व्होल्टने पायऱ्या उतरत नाही. पायऱ्या दिसल्या की तिथे माणसाचा हात असतो.

तो हात कसा लागला हे एका सकाळी वेल्डरच्या शेजारी उभे राहिल्यावर कळले. वेल्ड सुरू होण्याआधी डिस्प्लेवर २५.० होते. हे ठरवलेले व्होल्टेज. आर्क पेटल्यावर मशीन प्रत्यक्ष मोजलेले व्होल्टेज दाखवू लागले आणि बटण सोडल्यावर शेवटचा मोजलेला आकडा, त्या वेळी २४.१, डिस्प्लेवर धरून ठेवला गेला. आकड्याशेजारी एक लहान दिवा लागलेला होता. हा आकडा मोजलेला आहे, ठरवलेला नाही, एवढेच तो दिवा सांगतो. मॅन्युअलमध्ये त्याला होल्ड म्हटले आहे. हेल्परला रजिस्टरमध्ये आकडे लिहिण्याचे काम दिलेले होते आणि तो वेल्ड झाल्यावर लिहीत असे, म्हणून त्याने २४.१ लिहिले. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हातून नॉब फिरला, तेव्हा ते दुरुस्त करणाऱ्याने प्रामाणिकपणे रजिस्टर उघडून २४.१ भरले आणि सेव्ह केले. त्यानंतरच्या वेल्डला मोजलेला आकडा आणखी खाली आला, तोही रजिस्टरमध्ये गेला. अशा रीतीने प्रत्येक दुरुस्तीत सेटिंग जवळजवळ एक व्होल्ट खाली सरकत राहिले आणि आर्क आखूड होऊन वायर जॉबला ठोकू लागली.

यावर उपाय असा की नोंदीचे आकडे नेहमी वेल्ड सुरू करण्यापूर्वी, होल्डचा दिवा बंद असताना घ्यावेत. वेल्डनंतर घ्यायचेच असतील तर नॉब एक खूण पुढे व एक खूण मागे फिरवावा, म्हणजे मोजलेला आकडा जाऊन ठरवलेला आकडा परत येतो. मोजलेला आकडाही उपयोगी असतो, पण त्याची जागा रजिस्टरच्या वेगळ्या रकान्यात आहे.

सिनर्जिक मशीनवर आणखी एक बारकावा सांभाळावा लागतो. काही मशीन व्होल्टेज थेट व्होल्टमध्ये दाखवतात, तर काही मशीन वायर स्पीडनुसार स्वतः ठरवलेल्या व्होल्टेजपेक्षा किती कमी-जास्त ठेवले आहे एवढेच दाखवतात, म्हणजे +०.५ किंवा −१.०. काही पॅनलवर एक बटण दाबले की एकाचे दुसरे होते. रजिस्टरमध्ये नुसते “०.५” लिहिलेले सापडले तर त्याचा अर्थ लावणे कठीण जाते.

नंबर कोणता चालू आहे

आमच्या मशीनमध्ये काम करण्याच्या दोन पद्धती आहेत: एकीत नॉबने आकडे ठरवून थेट काम करायचे, दुसरीत साठवलेला नंबर बोलावून काम करायचे. मेन स्विच बंद करून चालू केल्यावर हे मशीन नेहमी पहिल्या पद्धतीत जागे होते आणि त्या पद्धतीत शेवटी वापरलेले आकडे समोर ठेवते. सकाळचा वेल्डर ते आकडे पाहतो, ते पाच नंबरचे नसतात आणि तो “पाच नंबर बदलला” असे लिहितो. प्रत्यक्षात पाच नंबर कोणी बोलावलेलाच नसतो. आपले मशीन कोणत्या पद्धतीत जागे होते हे एकदा तपासून पॅनलवर चिकटपट्टीने लिहून ठेवावे.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. नंबर बोलावून काम करत असताना वेल्डरने नॉब फिरवला तर आर्क लगेच बदलतो, त्यामुळे बदल साठवला गेला असे त्याला वाटते. आमच्या मशीनवर हा बदल तात्पुरता असतो. दुसरा नंबर बोलावला किंवा वीज गेली की तो संपतो. तो कायम करायचा असेल तर थेट पद्धतीत यावे, सर्व आकडे ठरवावेत आणि त्याच नंबरवर पुन्हा सेव्ह करावे. मशीनमशीनमध्ये याबाबत फरक आहे, म्हणून इथेही आधी सांगितलेली विचित्र आकड्यांची चाचणी नंबर चालू असताना करून पाहावी.

वेगळा फीडर असलेल्या मशीनवर करंट आणि व्होल्टेजचे नॉब दोन ठिकाणी असू शकतात, मशीनवर आणि फीडरवर. कोणते नॉब चालू आहेत हे एक लहान स्विच ठरवतो आणि तो स्विच बहुधा मशीनच्या पाठीमागे, कोणाचे लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी असतो. फीडर ओढताना त्यावरील नॉबला पँटचा किंवा केबलचा धक्का लागला तरी सेटिंग हलते. ज्या टॉर्चच्या मुठीवर वर-खाली जाण्याचे बटण असते तिथे हा धोका आणखी वाढतो, कारण हातमोज्यातील अंगठ्याने एक दाब चुकून पडला की पाचाचा सहा होतो.

आकडे तेच, आर्क वेगळा

आता २६.८ या आकड्याबद्दल. तो रात्रपाळीच्या वेल्डरने मुद्दाम ठेवला होता आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

दिवसा ब्रॅकेटचे काम मशीनजवळच्या टेबलावर होते. रात्री ते टेबल दुसऱ्या कामाला लागत असल्यामुळे ब्रॅकेट शेडच्या टोकाला नेले जात. फीडरची केबल मुळातच लांब होती, पण परतीची केबल, जिला आपल्याकडे सगळे अर्थिंग म्हणतात, तिला २० मीटरचा तुकडा जोडलेला होता. मशीन आपल्या टर्मिनलवर २५ व्होल्ट देत असले तरी त्यातले काही व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात आणि उरलेलेच आर्कपर्यंत पोहोचतात. मशीनच्या मेमरीत ठरवलेले आकडे असतात. केबल किती लांब आहे, सांधा किती सैल आहे हे तिच्यात नसते.

हा खर्च मोजता येतो. ५० चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला सुमारे ०.३४ मिलिओहम असतो. दिवसाची ५ मीटरची केबल आणि २२० अँपिअर यांचा हिशेब केला तर ०.४ व्होल्टच्या आत घट येते. रात्रीची एकूण २५ मीटर धरली तर तीच घट जवळजवळ १.९ व्होल्ट होते. आम्ही वेल्ड चालू असताना मल्टिमीटर डीसीवर ठेवून एक टोक मशीनच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे टोक थेट ब्रॅकेटच्या घासलेल्या कोपऱ्यावर धरले. दिवसाच्या जागी ०.५ व्होल्ट दिसले. रात्रीच्या जागी ३.१. म्हणजे हिशेबापेक्षा १.२ व्होल्ट जास्त. हा जादा भाग केबलच्या तांब्यात जात नव्हता, तर सांध्यात आणि क्लॅम्पमध्ये जात होता. १.२ व्होल्ट गुणिले २२० अँपिअर म्हणजे अडीचशे वॅटहून अधिक उष्णता झाली. सांध्यावर गुंडाळलेली टेप तपकिरी पडून कडक झाली होती, आणि क्लॅम्पचा एक जबडा रंगाच्या थरावर टेकत होता. हे दोन्ही महिनाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, माझ्याही.

सीओटूमधील अशा वेल्डला एक व्होल्टचा फरकही कानाला कळतो. तीन व्होल्ट कमी पडल्यावर आर्क आखूड होणार, बीड उंच व अरुंद पडणार आणि वायर आपटण्याचा आवाज येणार. रात्रीच्या वेल्डरने आवाज ऐकून व्होल्टेज वाढवले आणि पाच नंबरवरच सेव्ह केले. सकाळी तोच नंबर छोट्या केबलवर चालला, आर्क लांब झाला, कडेला अंडरकट (खाच) आला आणि रजिस्टरमध्ये नोंद पडली. मशीन दोन्ही वेळा सांगितलेले काम तंतोतंत करीत होते.

केबलच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. जादा केबल गुंडाळी करून मशीनवर टांगू नये, कारण गुंडाळीमुळे सर्किटचा इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) वाढतो आणि आर्कचा स्वभाव बदलतो. पल्स पद्धतीत (जिच्यात करंट ठोक्याठोक्याने दिला जातो) हा परिणाम विशेष जाणवतो. काही मशीनमध्ये सर्किटचा रोध मोजण्याची सोय असते: नोझल काढून, वायर मागे घेऊन, टीप (वायरला वीज देणारी तांब्याची टोकाची नळी) जॉबच्या स्वच्छ जागेवर दाबून बटण दाबायचे असते आणि मशीन मिलिओहममध्ये आकडा दाखवून पुढे तो हिशेबात धरते. ही सोय असेल तर केबल किंवा कामाची जागा बदलली की ती प्रत्येक वेळी वापरावी.

केबल निर्दोष निघाली तर नजर वायरच्या मार्गाकडे वळवावी. मिगमध्ये करंट मुख्यतः वायर स्पीडवर ठरतो. स्पीडचा आकडा तोच दिसत असला तरी रोलर घसरत असेल, लायनर (टॉर्चच्या केबलमधील वायर जाण्याची नळी) तांब्याच्या भुकटीने भरला असेल किंवा टीपचे भोक लांबट झाले असेल, तर टॉर्चमधून बाहेर येणारी वायर कमी पडते. ती मोजण्यासाठी टॉर्च जॉबपासून दूर धरून सहा सेकंद वायर सोडावी आणि लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून दहाने भागावी. मीटर प्रति मिनिट मिळतात. ६५ सेंटिमीटर आली तर ६.५. ही चाचणी करताना दोन ठिकाणी फसगत होते. पुष्कळ मशीन आर्क पेटेपर्यंत वायर मुद्दाम संथ सोडतात, त्यामुळे हवेत मोजलेला स्पीड कमी येतो. हे सॉफ्ट स्टार्ट त्या वेळेपुरते बंद ठेवावे. दुसरे, टॉर्चची केबल सरळ पसरून मोजले तर सगळे छान दिसते. कामाच्या वेळी ती जशी वळलेली असते तशीच वळवून मोजावे. टॉर्चचे बटण दाबलेले असताना बाहेर आलेल्या वायरमध्ये वीज असते, ती जॉबला किंवा हाताला लागू देऊ नये.

स्टिकआउट, म्हणजे टीपपासून बाहेर राहणारी वायर, हाही वेल्डरच्या हातातला भाग आहे. तो वाढला की करंट खाली येतो. दोन वेल्डरांच्या सवयीत ८-१० मिमीचा फरक असेल तर एकाच नंबरवर दोघांचे बीड वेगळे पडणारच आणि त्याला कोणतीही मेमरी जबाबदार नाही.

गॅसचा मुद्दा थोडक्यात. सिनर्जिक प्रोग्रॅम धातू, वायरचा व्यास आणि गॅस या तिघांवर बांधलेला असतो. एका ऑर्डरसाठी आम्ही आर्गॉन ८० आणि सीओटू २० टक्के असा मिक्स गॅस आणला, सिलिंडर बदलला, पण प्रोग्रॅम सीओटूचाच राहिला. मिक्स गॅसला त्याच वायर स्पीडवर दोन-तीन व्होल्ट कमी लागतात, त्यामुळे आर्क लांब आणि भरकटलेला येत होता. शुद्ध सीओटूवर काम करताना रेग्युलेटरच्या हीटरची पिन मशीनच्या पाठीमागील सॉकेटमधून निसटली, तर अर्ध्या तासात रेग्युलेटर गोठतो, गॅस कमी पडतो आणि पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक छिद्रे) येते. तेव्हाही पहिला संशय सेटिंगवरच घेतला जातो.

आता आम्ही सेव्ह कसे करतो

सुरुवात प्रोग्रॅमपासून होते: धातू, गॅस, वायरचा व्यास. हे आधी ठरवले नाही आणि नंतर बदलले, तर मशीन व्होल्टेज व इंडक्टन्स स्वतः पुन्हा ठरवते आणि आधीची मेहनत वाया जाते. त्यानंतर दोन ठोका (बटण दाबून धरायचे) की चार ठोका (दाबून सोडायचे, थांबवायला पुन्हा दाबायचे), मग वायर स्पीड, मग व्होल्टेज, मग इंडक्टन्स आणि शेवटी आतल्या मेनूतील प्रीफ्लो, पोस्टफ्लो (वेल्डच्या आधी व नंतर सोडायचा गॅस), बर्नबॅक व क्रेटर (शेवटचा खड्डा भरणे). व्होल्टेजचा अंदाज घेण्यासाठी १४ अधिक करंटचा विसावा भाग हे जुने सूत्र चालते. २२० अँपिअरला ते नेमके २५ व्होल्ट देते. तपासणीचे वेल्ड भंगाराच्या पट्टीवर न मारता त्याच जाडीच्या, त्याच जागी ठेवलेल्या खऱ्या ब्रॅकेटवर मारतो आणि एक कापून मुळापर्यंत वितळण पोहोचली का ते पाहतो. सेव्ह त्यानंतरच करतो, हातमोजा काढून.

रजिस्टरमध्ये आता नंबर, प्रोग्रॅम, ठरवलेले आकडे, मोजलेले आकडे, परतीच्या केबलची लांबी व जाडी, कामाची जागा आणि सेव्ह करणाऱ्याची सही असे रकाने आहेत. ग्राहक वेल्डिंगची लेखी प्रक्रिया मागत असेल, म्हणजे आयएसओ १५६०९-१ प्रमाणे केलेला डब्ल्यूपीएस, तर नंबरातले आकडे त्या कागदावरील मर्यादेत बसतात का हे सेव्ह करतानाच पाहावे. मेमरीतील नंबर हा डब्ल्यूपीएसचा पर्याय नव्हे. मशीनचे मीटर किती खरे बोलतात याची तपासणी कशी करावी हे आयईसी ६०९७४-१४ या मानकात दिले आहे. ती तपासणी झालेली नसेल तर निदान वर्षातून एकदा चांगल्या क्लॅम्प मीटरने करंट आणि मल्टिमीटरने व्होल्टेज ताडून पाहावे.

पॅनलला कुलूप घालावे का यावर आमच्याकडे बराच वाद झाला. पूर्ण कुलूप घातले तर वेल्डर थोडीही जुळवाजुळव करू शकत नाही आणि मग तो स्टिकआउट वाढवून-कमी करून तेच साधतो, जे अधिक वाईट आहे. आमचे मशीन नंबराच्या आत ठरावीक टक्के फरक करू देते आणि त्यापलीकडे अडवते. ती मर्यादा आम्ही व्होल्टेजसाठी लहान ठेवली आहे आणि सेव्ह करण्याचा कोड दोघांकडेच आहे. सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी किंवा मशीन दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी सर्व नंबर पेनड्राइव्हवर घ्यावेत आणि तशी सोय नसेल तर हाताने लिहून काढावेत, कारण फॅक्टरी रीसेट हा बऱ्याच सर्व्हिस इंजिनिअरांचा पहिलाच उपाय असतो.

जोडलेला तुकडा काढून आम्ही ७० चौरस मिमीची सलग २५ मीटर केबल आणि नवा क्लॅम्प बसवला. रात्रीच्या जागेची घट ३.१ वरून १.५ व्होल्टवर आली. दिवसाच्या जागेपेक्षा ती अजूनही एक व्होल्ट जास्त आहे, म्हणून एकाच ब्रॅकेटसाठी दोन नंबर ठेवले आहेत: मशीनजवळच्या टेबलासाठी पाच, २५ व्होल्ट, शेडच्या टोकासाठी सात, २६ व्होल्ट. कोणता नंबर कुठे वापरायचा हे दोन्ही टेबलांच्या पायावर रंगाने लिहिले आहे.